हार्पचा भाग परत पाठवणाऱ्या ताईंना

ताई,

पूर्ण ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली माझी पहिली रचना परवा वाजली. कार्यक्रमपत्रिकेत तुमच्या नावापुढे नुसतं 'हार्प' छापलं होतं. त्या एका शब्दात जे मावलं नाही, ते इथं सगळ्यांसमोर लिहितोय.

तालमींच्या महिनाभर आधी मी तुमचा भाग पाठवला. संगणकावर तो सुरळीत वाजत होता, म्हणून निर्धास्त होतो. तुम्ही पेन्सिलीनं भरलेली पानं परत पाठवलीत आणि वर फोन करून तासभर समजावलंत. हार्पला तारा ४७, पण पायानं हलवायची पेडलं ७, प्रत्येक स्वरनावाला एक. एक पेडल हललं की त्या नावाच्या जवळपास सगळ्या तारांचा स्वर वरपासून खालपर्यंत बदलतो. डी, सी, बी डाव्या पायाकडे, उरलेली चार उजव्याकडे. आणि मी एकाच ठोक्यावर डी आणि बी दोन्ही बदलायला लावले होते! एका कॉर्डमध्ये (एकत्र वाजवायच्या स्वरांत) तर डाव्या हाताला पाच स्वर. हार्पवर करंगळी वापरत नाहीत, हे मला ठाऊकच नव्हतं.

'वाजणार नाही' एवढं लिहून तुम्हाला मोकळं होता आलं असतं. पण एक स्वर झपाट्यानं पुन्हा पुन्हा हवा होता, तिथं तुम्ही लिहिलंत: सी फ्लॅट (अर्धा स्वर खाली) करा, बी नॅचरल (मूळ जागी) ठेवा. तारा दोन, स्वर एकच. दोन्ही हातांनी आळीपाळीनं छेडल्यावर तो स्वर नुसता थरथरत राहिला. कित्येक महिने माझ्या कानात वाजत होतं ते हेच. कागदावर उतरवायचं कसं, तेवढं कळत नव्हतं.

ब्रासच्या, म्हणजे ट्रॉम्बोनसारख्या पितळी वाद्यांच्या, कल्लोळातलं ग्लिसान्डो (तारांवरून बोटं सरकवत वाजवायची स्वरांची लाट) काढून टाकायला मी तयार नव्हतो. तुम्ही वाद घातला नाहीत. तालमीत जीव लावून वाजवलंत. मी मागच्या रांगेत बसलो होतो, हार्पचं काहीच कानावर आलं नाही. मग मीच ते काढलं आणि तुम्ही सुचवलंत तसे, ट्रॉम्बोन थांबल्यानंतरच्या शांततेत तीन हार्मोनिक लिहिले. तारेच्या मध्यावर हात हलकेच टेकवून काढलेले, एक सप्तक वर उमटणारे. परवा सगळा वाद्यवृंद गप्प असताना ते तीन स्वर शेवटच्या रांगेपर्यंत पोचले. मी तिथंच बसलो होतो.

सुधारित प्रत तयार करतोय. पेडलच्या तुमच्या खुणा जशाच्या तशा छापणार आहे, म्हणजे पुढच्या हार्पवादकाला त्या नव्यानं शोधाव्या लागणार नाहीत. ११८व्या बारमधली (तालाच्या खंडातली) एक खूण मात्र पुसट झालीय. ई आहे की एफ? सवडीनं कळवा.

तुमचा ऋणी,
रचनाकार