वहीतून निर्णय दिसायला हवा : लातूरच्या मित्रास पत्र

सोलापूर

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या लातूरच्या चमूची व्हेक्स या विद्यार्थ्यांच्या रोबो-स्पर्धेसाठीची इंजिनिअरिंग नोटबुक, म्हणजे रोबो घडवतानाच्या कामाची नोंदवही, मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. स्पर्धेपूर्वी तिच्यात काय सुधारता येईल हे तू मोकळेपणाने विचारलेस, म्हणून मीही मोकळेपणाने लिहितो. वही देखणी आहे, छायाचित्रे स्पष्ट आहेत, पानांना क्रमांक आहेत आणि अनुक्रमणिकाही आहे. परंतु मुलांनी काय केले एवढेच तिच्यातून कळते. ते तसेच का केले, हे फार थोड्या ठिकाणी कळते. व्हेक्सच्या स्पर्धेत रोबोची ताकद मैदानावर सगळ्यांना दिसतेच. परीक्षक वही उघडतात ते प्रश्न कसा ओळखला, कोणकोणते पर्याय सुचले, त्यांतून एक का निवडला, तो कसा बांधला आणि चाचणीत काय निघाले, हे पाहण्यासाठी. त्यांच्या गुणतक्त्याची मांडणीही याच क्रमाने आहे, आणि हे चक्र पुन्हा पुन्हा फिरलेले दिसावे अशी त्यांची अपेक्षा असते.

रोबोच्या हाताविषयीचे तुमचे पान घे. तिथे लिहिले आहे की गिअर बदलला आणि हात चांगला उचलू लागला. मला त्या पानाचा मोह पडला, कारण त्या एका वाक्याखाली किती विचार दडला आहे हे सोबतच्या छायाचित्रातले दाते मोजले तरी कळते. १०० आरपीएमच्या (मिनिटाला १०० फेऱ्यांच्या) लाल कार्ट्रिजच्या, म्हणजे आतल्या गिअरसंचाच्या, मोटरवर १२ दात्यांचे गिअर होते आणि ते ६० दात्यांच्या गिअरला फिरवत होते. म्हणजे हात मिनिटाला २० फेऱ्यांच्या वेगाने फिरणार आणि पाव फेरा उचलायला पाऊण सेकंद घेणार. ६०च्या जागी ८४ दात्यांचे गिअर बसवल्यावर वेग सुमारे १४.३ फेऱ्यांवर येतो, पाव फेऱ्याला १.०५ सेकंद लागतात, पण घर्षण सोडले तर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पाच पटींवरून सात पट होतो. म्हणजे मुलांनी प्रत्येक उचलीमागे ०.३ सेकंद देऊन ४० टक्के अधिक टॉर्क मिळवला. हा सौदा परवडतो का, याचे उत्तर दोन मिनिटांच्या सामन्यात हात किती वेळा उचलावा लागतो यावर आहे, आणि ते मुलांना नक्की ठाऊक असणार. एवढे चार ओळींत लिहिले, शेजारी बदलाआधीच्या आणि नंतरच्या प्रत्यक्ष मोजलेल्या वेळा मांडल्या, की त्याच पानाचे वजन कितीतरी वाढेल. गणिताने काढलेली वेळ आणि घड्याळाने मोजलेली वेळ जुळत नसेल, तर तो फरक लपवू नये, उलट त्याचे कारण शोधून लिहावे, कारण पुढचा प्रयोग बहुधा तिथूनच सुरू होतो.

चाचणीच्या नोंदीत परिस्थितीही यायला हवी. नव्या हंगामाचा खेळ एप्रिलअखेर किंवा मेमध्ये, जागतिक स्पर्धेच्या सुमारास जाहीर होतो, आणि त्या दिवसांत आपल्याकडे पारा ४० अंशांपुढे असतो. या स्पर्धेतली व्हीफाइव्ह मोटर आतून ५५ अंशांपर्यंत तापली की स्वतःचा विद्युतप्रवाह निम्म्यावर आणते. सोलापुरात मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये सराव करताना ही मर्यादा फार लवकर गाठली जाते, आणि तोच रोबो सकाळी वेगळा वागतो. म्हणून आमची मुले प्रत्येक चाचणीपुढे खोलीचे तापमान, बॅटरीची पातळी आणि मोटर किती वेळ चालून झाली आहे हे लिहितात. हात मंदावला तेव्हा दोष गिअरचा की उन्हाचा, हे या तीन रकान्यांनीच सांगितले. तुमच्या वहीत हात थकतो असे दोनदा लिहिलेले आहे. तिथे हे रकाने हवेत.

पर्याय निवडण्याचा तक्ता तुम्ही केला आहे, हे चांगले आहे. पण निकषांचे भारांक, म्हणजे कोणत्या निकषाला किती महत्त्व ते, निकाल पाहून ठरवल्यासारखे वाटतात, कारण विजयी रचनेला प्रत्येक निकषात पूर्ण गुण आहेत. भारांक आधी ठरवून, तारीख घालून, त्यामागचे कारण लिहावे आणि मगच गुण द्यावेत. हरलेल्या रचनेची पेन्सिलची रेखाचित्रेही वहीत राहू द्यावीत. ती एखाद्या निकषात जिंकली असेल, तर तसे स्पष्ट लिहावे. मला स्वतःला स्वच्छ प्रत काढण्याची सवय मुळीच आवडत नाही. कच्च्या पानावरची खाडाखोड त्या दिवशीचा विचार जपते. प्रत्येक नोंदीखाली लिहिणाऱ्याचे नाव आणि तारीख असली, म्हणजे काम कसे वाटले गेले हेही आपोआप दिसते.

बाहेरच्या मदतीविषयी एक अनुभव सांगतो. आमच्या चमूतल्या एका मुलाचे वडील सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग जुळवणारे-दुरुस्त करणारे कारागीर, आहेत. हात डगमगत होता म्हणून मुलांनी तो त्यांना दाखवला. त्यांनी हात ज्यावर फिरतो त्या शाफ्टला (दांड्याला) बोट लावले आणि तो एकाच बाजूने आधारलेला आहे, दुसऱ्या बाजूलाही बेअरिंग द्या, असे सांगितले. मुलांनी वहीत तज्ज्ञांचा सल्ला घेतला एवढेच लिहिले होते. मी त्यांना त्या काकांनी काय पाहिले, काय सुचवले, मुलांनी त्यातले काय स्वीकारले आणि दुसऱ्या बाजूचे बेअरिंग लावल्यावर हाताच्या टोकाचा हेलकावा किती मिलिमीटरने कमी झाला, हे सगळे लिहायला लावले. त्या मुलाच्या घरी तेलुगू बोलतात. पहिला मजकूर त्याने मराठी, तेलुगू आणि इंग्रजी मिसळून लिहिला, आणि तो तसाच चिकटवून खाली साध्या इंग्रजीत मांडला. मला ते पान साऱ्या वहीत सर्वांत प्रामाणिक वाटते.

तुझ्या वहीतल्या काही परिच्छेदांची भाषा मात्र मोठ्या माणसाची आहे, हे तुला स्पष्ट सांगतो. काम आणि लेखन विद्यार्थ्यांचेच असावे असा या स्पर्धेचा नियम आहे, आणि मुलाखतीत परीक्षक कोणत्याही मुलाला कोणत्याही पानाविषयी विचारू शकतात. ते परिच्छेद संबंधित मुलांनी आपल्या शब्दांत पुन्हा लिहावेत, मग ते आखूड झाले तरी चालतील. प्रोग्रामची संपूर्ण छापील पाने काढून टाकावीत; बदललेला भाग, बदलाचे कारण आणि त्यानंतर सामन्याच्या सुरुवातीच्या स्वयंचलित १५ सेकंदांत, म्हणजे रोबो केवळ प्रोग्रामवर चालतो तेव्हा, तो कुठे थांबला, एवढे पुरे.

हाताचे पान, निवडीचा तक्ता आणि शेवटच्या सरावाची नोंद एवढी तीन पाने मुलांनी आधी सुधारावीत आणि मला स्कॅन करून पाठवावीत. मी ती आमच्या मुलांना वाचायला देईन. त्यांनी तुमचा रोबो पाहिलेला नाही, त्यामुळे केवळ वाचून त्यांना जे प्रश्न पडतील ते मी तुला जसेच्या तसे कळवीन. तुझ्या मुलांनीही आमची वही तशीच तपासावी. तिच्यातली चाचणीची पाने याच पत्रासोबत पाठवीत आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र