सॉलिसिटरकडे अडकलेले आमचे उरलेले पैसे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्या बहिणीचा मुलगा स्लाऊचा फ्लॅट विकून कायमचा पुण्याला येतोय असं मागच्या आठवड्यात कळलं आणि तेव्हापासून डोक्यात एकच आहे की आमच्या बाबतीत जे झालं ते लिहून काढायचं, कारण तुमच्या वाचकांत असे खूप जण असतील ज्यांची मुलं इंग्लंडात घर घेऊन राहिलीत नाहीतर जे स्वतःच परत यायच्या तयारीत आहेत.

आम्ही १९ वर्षं लेस्टरला होतो. सासूबाईंची तब्येत खालावली म्हणून फ्लॅट विकला आणि नाशिकला आलो. गेल्या वर्षी फेब्रुवारीत व्यवहार पूर्ण झाला. आपल्याकडे सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात सगळे समोर बसतात, सह्या होतात, डीडी हातात पडतो आणि विषय संपतो. तिकडे घेणाऱ्याचं तोंडही बघावं लागत नाही, त्याच्या सॉलिसिटरकडून, म्हणजे व्यवहार बघणाऱ्या वकिलाकडून, आपल्या सॉलिसिटरच्या क्लायंट अकाउंटला, म्हणजे अशिलांचे पैसे ठेवायच्या वेगळ्या खात्यात, पैसे येतात, तिथून आधी बँकेचं मॉर्गेज म्हणजे गृहकर्ज फिटतं, मग एस्टेट एजंटचं कमिशन, सॉलिसिटरची फी, आणि जे उरेल ते आपल्याला. या दिवसाला कम्प्लिशन म्हणतात. मोठी रक्कम आम्हाला दुसऱ्याच दिवशी मिळाली, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे मागे राहिलेल्या १,९४० पौंडांबद्दल. दोन लाख रुपयांच्या वर होतात हे, आणि तेव्हा सासूबाईंचं हॉस्पिटल चालू होतं.

त्यातले ८०० पौंड रिटेन्शनचे होते. फ्लॅट लीजहोल्ड, म्हणजे लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावरचा, असला की बिल्डिंगच्या देखभालीचा सर्व्हिस चार्ज असतो आणि वर्षाचा हिशोब लागायच्या आधीच फ्लॅट विकला तर घेणारा म्हणतो, मागाहून जास्तीचं बिल आलं तर काय, म्हणून थोडे पैसे आपल्या सॉलिसिटरकडे अडकवून ठेवतात. हे मला पटलं होतं. आमच्या बिल्डिंगचं वर्ष ३१ मार्चला संपायचं, बिल्डिंगची देखभाल बघणाऱ्या मॅनेजिंग एजंटचा हिशोब यायला सप्टेंबर उजाडला, आमच्याकडून एक पेनी येणं निघालं नाही आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला घेणाऱ्याच्या सॉलिसिटरनं पैसे सोडायला हरकत नाही असं लिहूनही दिलं. आणि त्यानंतर सगळं गप्प.

मी इकडून फोन करायचे. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे दीड आणि थंडीत अडीच, सासूबाईंचं जेवण आवरून मी फोन घेऊन बसायचे. रिसेप्शनची मुलगी गोड बोलायची, निरोप देते म्हणायची. आमचं काम बघणारी बाई नोकरी सोडून गेली होती, फाइल आर्काइव्हला गेली होती, नवीन माणूस म्हणायचा अकाउंट्सला विचारतो. मग म्हणाले आयडी परत द्या. मग म्हणाले बँक डिटेल्स ईमेलवर घेणार नाही, आणि हे मात्र बरोबर आहे, कारण ईमेल हॅक करून खातं नंबर बदलायचा आणि घराचे पैसे पळवायचे असे प्रकार तिकडे खूप झालेत. पण मग व्हिडिओ कॉल करा ना! त्यालाच तीन आठवडे गेले. त्यात आमचं तिकडचं अकाउंट भारतातला पत्ता दिल्यावर बँकेनं बंद करायला लावलेलं, त्यामुळे पैसे नाशिकला पाठवायचे तर वेगळी फी, वेगळे फॉर्म. सगळे पैसे हातात पडेपर्यंत तिकडचं खातं कसंही करून चालू ठेवा, एवढं मी भाच्याला पहिल्यांदा सांगितलं.

आता खरं दुखणं सांगते. बाकीचे १,१४० पौंड आहेत हे आम्हाला माहीतच नव्हतं. मॉर्गेज फेडताना बँक एक आकडा देते, त्यावर रोजचं व्याज चढतं, म्हणून सॉलिसिटर काही दिवसांचे पैसे जास्तीचे पाठवतो, आणि आमचा त्या महिन्याचा हप्ताही डायरेक्ट डेबिटनं आधीच गेला होता. माझ्या नवऱ्यानं नोव्हेंबरमध्ये सहज म्हणून बँकेला विचारलं तर त्यांनी सांगितलं की जादा आलेले पैसे आम्ही मार्चमध्येच तुमच्या सॉलिसिटरला परत केलेत. मार्चमध्ये! त्या पैशांवर ना घेणाऱ्याचा हक्क होता ना मॅनेजिंग एजंटचा, आणि त्या आठ महिन्यांत आम्ही फोन केले तेव्हा एकानंही सांगितलं नाही की तुमचे हेही पैसे पडलेत.

त्या रात्री मी नियम शोधून वाचले. सॉलिसिटरांवर देखरेख ठेवणाऱ्या सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीचे २०१९ चे अकाउंट्स रूल्स आहेत, त्यात २.५ नंबरचा नियम स्वच्छ सांगतो की क्लायंटचे पैसे धरून ठेवायला योग्य कारण उरलं नाही की ते लगेच परत करायचे. ७.१ म्हणतो पडून राहिलेल्या पैशांवर रास्त व्याजही द्यायचं. कोणी म्हणेल एवढ्याशा रकमेसाठी कशाला, पण २०२३ मध्ये तिकडे ॲक्झिओम इन्स नावाची सॉलिसिटरांची मोठी फर्म बंद केली गेली तेव्हा क्लायंट अकाउंटमधले सहा कोटींहून जास्त पौंड गायब असल्याचं निघालं, त्यामुळे दुसऱ्याकडे पडलेला पैसा सुरक्षितच असेल असं धरून मला झोप येत नव्हती.

मग ईमेल लिहिला आणि विषयातच 'औपचारिक तक्रार' असं घातलं. कम्प्लिशन स्टेटमेंट म्हणजे व्यवहाराचा शेवटचा हिशोब, क्लायंट अकाउंटचा आमच्या नावाचा पूर्ण लेजर म्हणजे जमाखर्चाची नोंद आणि प्रत्येक रक्कम कोणत्या कारणानं ठेवली ते मागितलं, आणि लिहिलं की आठ आठवड्यांत उत्तर आलं नाही तर लीगल ऑम्बुड्समनकडे, म्हणजे वकिलांविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या संस्थेकडे, जाणार. तिथे आधी फर्मकडे तक्रार करावीच लागते आणि काही फी नाही. इतके महिने मी "शक्य असल्यास कृपया" असं लिहीत होते, वाद नको म्हणून. या एका ईमेलनंतर बारा दिवसांत उत्तर आलं आणि तीन आठवड्यांत १,९४० पौंड आणि वर थोडं व्याज जमा झालं.

भाच्याला मी सांगितलंय की काँट्रॅक्ट एक्स्चेंज व्हायच्या, म्हणजे करार दोघांवर बंधनकारक व्हायच्या, आधीच लेखी घे, रिटेन्शन किती, कुठल्या तारखेपर्यंत, कोणाच्या होकारानं सुटणार, आणि कम्प्लिशननंतर महिन्याभरात बँकेला स्वतः विचार काही परत केलंत का. तो भारतात येऊन तिकडे नॉन-रेसिडेंट झाल्यावर कम्प्लिशन झालं तर टॅक्स लागो न लागो ६० दिवसांत तिकडच्या टॅक्स खात्याला कळवावं लागतं, हेही सांगितलं.

फर्मनं दिलगिरीचं पत्र पाठवलं. पण मार्चमध्ये आलेले पैसे नोव्हेंबरपर्यंत कोणत्या कारणानं ठेवले याचं उत्तर त्यात एका ओळीनंही नाही. ऑम्बुड्समनकडे जायला एक वर्षाची मुदत असते, ती संपायच्या आत मी फॉर्म भरून पाठवलाय.

आपली,
एक वाचक, नाशिक
(कृपया नाव छापू नये.)