तुझं पुस्तक घरीच राहिलं

चि. ओम,
अनेक आशीर्वाद.

‘द कॅचर इन द राय’ तू टेबलावरच विसरलास. उद्या कुरिअर करते. मागच्या कोऱ्या पानावर ‘वस्तू आणि प्रतीकं, १५०० शब्द’ असं खरडलं आहेस, म्हणजे निबंध यावरच असणार. पाठवण्याआधी वाचून काढलं. हे फोनवरच बोलणार होते, पण तू उचलत नाहीस. असो. त्याविषयी लिहायचं नाही असं ठरवलंय.

लाल टोपीपाशी तू ‘संरक्षण, वेगळेपणा’ लिहिलंयस. गाईडातलं दिसतंय. अरे, होल्डनने ती घेतली कधी ते बघ ना. तलवारबाजीच्या संघाच्या तलवारी सबवेत विसरून आला, ते लक्षात आलं आणि लगेच घेतली, एका डॉलरला. घोळ घातलेल्या पोराने डोक्यावर काहीतरी ओढून घेतलंय, इतकंच. आणि शेवटी त्याची बहीण फीबी ती पुन्हा त्याच्या डोक्यावर ठेवते, तरी पावसात तो भिजतोच. मग कसलं संरक्षण? हे लिही. नाहीतर नको लिहूस, मार्क तुला मिळायचेत. मी शिकवायला लागले की तू खोलीत निघून जातोस, ठाऊक आहे मला.

तुझ्या वयाची असताना ‘कोसला’ वाचलं होतं. पांडुरंगची बहीण मनी जाते, त्या पानांवर अडकून बसले होते. इथे ॲलीच्या बेसबॉलच्या ग्लव्हपाशी तसंच झालं. डावखुरा पोरगा, मैदानात उभं असताना वाचायला काहीतरी हवं म्हणून ग्लव्हच्या बोटांवर हिरव्या शाईने कविता लिहून ठेवतो. तो गेल्यावर थोरला भाऊ होल्डन तो ग्लव्ह बॅगेत घालून शाळेपर्यंत नेतो. तू तिथे एक रेघही मारलेली नाहीस. सगळ्या पुस्तकात तेवढंच पान कोरं.

दादाची कंपासपेटी मी देऊन टाकली, तुला न विचारता. त्या संध्याकाळी तू जे बोललास त्यातलं निम्मं बरोबर होतं. पण झाकणाच्या आत त्याने वेळापत्रक चिकटवलं होतं ना, त्यातला ‘गणित’चा ‘ण’ उलटा काढलेला, ते मी वाफेवर धरून सोडवून घेतलंय. शुक्रवारचा कोपरा फाटला. माझ्याकडेच आहे. कुरिअरने पाठवायचा धीर होत नाही.

दादा असता तर त्याने तुझा निबंध एका रात्रीत… जाऊ दे. तू त्याच्यासारखा नाहीस, आणि असायचं कारणही नाही. शाळेतल्या त्या भाषणात तू त्याचं नाव न घेता त्याच्याविषयी बोललास, तेव्हा मी मागच्या रांगेत होते. तुला कधी सांगितलं नाही.

एक राहिलंच. न्यूयॉर्कला उतरल्या उतरल्या होल्डन फोनच्या बूथमध्ये शिरतो, वीसेक मिनिटं आत उभा राहतो आणि कुणालाच फोन न करता बाहेर येतो. त्या पानावरची पेन्सिलीची रेघ माझी आहे. खोडलीस तरी चालेल. पण वस्तूंमध्ये तो बूथही धर. की पुन्हा फोनवर आले मी? आलेच. जेवतोस ना वेळेवर?

रविवारी नऊनंतर मी घरीच आहे. नाहीच जमलं, तर नुसता मिस्ड कॉल दे.

तुझी,
आई