निरोप्या

टोरांटो, ऑक्टोबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पणजोबांचा खडकीच्या सॅपर्सचा, म्हणजे लष्कराच्या अभियंता पलटणीचा, पितळी बिल्ला तू घासूनपुसून देव्हाऱ्याशेजारी ठेवलास, हे तुझ्या पत्रात वाचले आणि गेल्या रविवारी पाहिलेल्या पुतळ्याविषयी तुला सविस्तर लिहावे असे वाटले. टोरांटोच्या उत्तरेला सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर, जॉर्जियन बेच्या काठी पॅरी साउंड नावाचे लहानसे गाव आहे. तिथे ब्राँझचा एक शिपाई उभा आहे. त्याच्या खांद्याला रॉस रायफल, हातावर गरुड आणि पायाशी कॅरिबू (उत्तरेकडचे रेनडिअर हरीण) आहे. हे कॉर्पोरल फ्रान्सिस पेगामागाबो, कॅनडाच्या ओजिब्वे या आदिवासी जमातीचे, पहिल्या महायुद्धातले सैनिक. पुतळा 2016 मध्ये उभा राहिला. तोपर्यंत त्यांना जाऊन 64 वर्षे झाली होती.

त्यांचे बालपण शवानागा इथल्या, आदिवासींसाठी राखून ठेवलेल्या वसाहतीत गेले. वडील लवकर वारले, आई आजारी, त्यामुळे वसाहतीतल्या दुसऱ्याच कुटुंबाने त्यांना वाढवले. मासेमारी आणि शिकार ते तिथेच शिकले, आणि मोठे झाल्यावर ग्रेट लेक्सवर फिरणाऱ्या सरकारी जहाजांवर बॉयलरमध्ये कोळसा घालण्याचे काम करू लागले. 1914 च्या ऑगस्टमध्ये युद्ध जाहीर झाल्यावर काही दिवसांतच ते स्वतःहून भरती झाले. क्वेबेकमधल्या व्हालकार्तिएच्या लष्करी छावणीत आपल्या तंबूवर त्यांनी कुळाचे चिन्ह रंगवले होते. त्याच वर्षी लेक सुपीरियरच्या काठी एका वृद्ध ओजिब्वेने त्यांना ओळखले, लवकरच तू मोठ्या संकटात जाशील असे सांगितले आणि औषधी पुरचुंडी गळ्यात घालायला दिली. ही हकीकत त्यांनी स्वतः 1929 मध्ये मानववंशशास्त्रज्ञ डायमंड जेनेस यांना सांगितली. पुरचुंडी कधी दगडासारखी कठीण लागे, तर कधी आत काहीच नसल्यासारखी वाटे; ती खंदकात सतत जवळ असे आणि जखमी होऊन इस्पितळात गेल्यावर हरवली. गावाकडून निघताना अंगारा खिशात ठेवणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळ जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला, तेव्हा पेगामागाबोंची पहिली कॅनेडियन बटालियन त्याच आघाडीवर होती. त्या लढाईत कॅनडाचे सहा हजारांहून अधिक सैनिक मारले गेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. चार दिवसांनी, 26 एप्रिलला, हिंदी लष्कराचे लाहोर डिव्हिजन त्याच रणभूमीवर उतरले, आणि खडकीच्या सॅपर्सच्या कंपन्या याच डिव्हिजनबरोबर फ्रान्सला गेल्या होत्या. तुझ्या पणजोबांनी तो पिवळट धूर पाहिला होता का, हा विचार पुतळ्यासमोर उभा असताना माझ्या मनातून जात नव्हता.

आता मला मुख्य गोष्ट सांगायची आहे. पेगामागाबोंचे नाव काढले की लोक लगेच एक आकडा सांगतात, 378. निशाणबाज म्हणून त्यांनी एवढे शत्रुसैनिक टिपले, असे म्हणतात. या आकड्याला अधिकृत नोंदीचा आधार नाही, आणि मला तर तो त्यांच्यावर अन्याय करणारा वाटतो. कारण त्यांना मिलिटरी मेडल हे शौर्यपदक तीन वेळा मिळाले, म्हणजे एक पदक आणि त्यावर दोन पट्ट्या, आणि ते कशासाठी मिळाले ते पाहा. पहिल्यांदा, गोळ्यांच्या वर्षावात निरोप पोहोचवल्याबद्दल. दुसऱ्यांदा, 1917 च्या नोव्हेंबरमध्ये बेल्जियममधल्या पाशेंडालच्या चिखलात, दोन्ही बाजूंच्या तुकड्यांशी संपर्क राखल्याबद्दल आणि वाट चुकलेली कुमक योग्य जागी आणल्याबद्दल. तिसऱ्यांदा, 1918 च्या ऑगस्टअखेरीस फ्रान्समधल्या स्कार्पच्या लढाईत, काडतुसे संपत आली असताना खंदकाबाहेर पडून दारूगोळा आणल्याबद्दल. असा तिहेरी मान मिळालेले कॅनडाचे सैनिक अवघे 39 होते. मारण्याबद्दल त्यातले एकही पदक नाही. माझ्या दृष्टीने पेगामागाबो आधी निरोप्या होते.

म्हणूनच पुढचे आयुष्य वाचताना मन कळवळते. 1919 मध्ये ते पायाची जखम आणि दुखावलेली फुप्फुसे घेऊन परतले आणि पॅरी बेटावर, म्हणजे आजच्या वासॉक्सिंगमध्ये, संसार मांडून राहिले. परत आलेल्या सैनिकांना शेतीसाठी कर्ज देण्याची सरकारची योजना होती; पण वसाहतीतल्या माणसाच्या अर्जाला सरकारने नेमलेल्या एजंटाची शिफारस लागे, आणि ती त्यांना मिळाली नाही. ज्यांच्याबरोबर त्यांनी खंदकात चार वर्षे काढली, त्या गोऱ्या सोबत्यांना अशी कुणाची परवानगी काढावी लागत नव्हती.

1921 मध्ये ते वसाहतीचे प्रमुख झाले. त्यांचे सगळेच निर्णय मला पटत नाहीत. मिश्र वंशाच्या लोकांना वसाहतीबाहेर काढावे ही त्यांची मागणी कठोर होती, तिने बेटावर फूट पाडली, आणि 1925 मध्ये त्यांना पद सोडावे लागले. पण जॉर्जियन बेची बेटे आमच्या लोकांनी कधी दिलेलीच नाहीत, हा मुद्दा त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. आदिवासींचा कारभार पाहणारे सरकारी खाते, मंत्री, जिथे दाद लागेल तिथे ते पत्रे लिहीत राहिले. 1927 मध्ये इंडियन ॲक्ट या आदिवासींविषयीच्या कायद्यात बदल करून, जमिनीच्या दाव्यासाठी परवानगीशिवाय पैसा गोळा करणे गुन्हा ठरवण्यात आले. 1933 पासून तर प्रमुखांनी खात्याला थेट लिहू नये, प्रत्येक पत्र एजंटामार्फतच यावे, असा हुकूम निघाला. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हातात तक्रारीचा कागद! तोफांच्या माऱ्यातून ज्याचा निरोप अडला नाही, त्याचा निरोप आपल्याच देशात एका टेबलावर अडकून पडत होता. हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही.

तरीही ते थांबले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नोबेल नावाच्या गावाजवळच्या दारूगोळ्याच्या कारखान्यावर पहारेकऱ्याचे काम केले, आणि 1943 मध्ये आदिवासींच्या स्वतंत्र संघटनेने त्यांना आपले सर्वोच्च प्रमुख निवडले. 5 ऑगस्ट 1952 रोजी बेटावरच त्यांचे निधन झाले. जमिनीच्या दाव्यांसाठी पैसा गोळा करण्यावरची बंदी त्याच्या एकच वर्ष आधी उठली होती.

पुतळा पाहून मी रोझ पॉइंटच्या जुन्या पुलाने बेटावर गेलो. पूल एकेरी आहे, समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबावे लागते. पलीकडे मेपलची पाने लाल झाली होती आणि पाणी अगदी स्थिर होते. बराच वेळ मी काठावर बसून राहिलो.

आता एक विनंती आहे. पणजोबांनी पेन्शनसाठी कलेक्टर कचेरीला केलेल्या अर्जांच्या नकला तुमच्या माडीवरच्या ट्रंकेत आहेत, असे काकू एकदा बोलता बोलता म्हणाल्या होत्या. मोडीतल्या असल्या तरी चालतील, मी इथे वाचून घेण्याची व्यवस्था करीन. कागद जीर्ण असतील, तेव्हा घड्या जोर लावून उलगडू नकोस. जसे आहेत तसे ठेवून त्यांचे फोटो पाठव. काका-काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा स्नेही