घरच्या वापराची कॅम्पर व्हॅन आणि तिचा विमा: सुहासला पत्र

प्रिय सुहास,

काल तुझा फोन ठेवल्यापासून तुझ्या कॅम्पर व्हॅनच्या, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय केलेल्या गाडीच्या, विम्याचंच डोक्यात घोळतंय. त्या विमा एजंटला अजून पैसे दिले नसशील तर देऊ नकोस. फोनवर मागे गडबड चालू होती, नीट बोलता आलं नाही, म्हणून आज निवांत बसून लिहितोय.

"साहेब, साध्या कारमध्ये बसवून देतो, पाच मिनिटांत पॉलिसी मेलवर येईल," असं तो म्हणाला ना, म्हणजे व्हॅन साधी कार म्हणून दाखवून? येईलही. वर्षभर कुणी विचारणारही नाही. गाडी ठोकली किंवा पेटली की मात्र नुकसान तपासणारा सर्व्हेअर येतो आणि आत चढतो. त्याच्या कागदावर साधी प्रवासी गाडी असेल आणि समोर पलंग, ओटा, सिंक, छतावर सोलर पॅनल. मग तो कंपनीला लिहिणार की विमा घेताना गाडीचं खरं स्वरूप सांगितलेलं नव्हतं. क्लेम अडतो तो इथेच. हप्ता वेळेवर भरला होता, याचा तिथे काही उपयोग होत नाही.

म्हणून आधी आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, काढून 'वाहनाचा वर्ग' वाच. केंद्र सरकारने २००४ साली वाहनांचे प्रकार ठरवून दिले, त्यात कॅम्पर व्हॅन दोन ठिकाणी येते. भाड्याने द्यायची असेल तर ती 'ट्रान्सपोर्ट'मध्ये जाते. खासगी वापराची असेल तर 'नॉन-ट्रान्सपोर्ट'मध्ये, म्हणजे आपल्या कारसारखीच पांढरी नंबर प्लेट आणि परमिटची भानगड नाही. तुझ्या आरसीवर 'कॅम्पर व्हॅन, खासगी वापर' अशा अर्थाची नोंद असेल तर अर्धं काम झालं. 'ओम्नी बस', म्हणजे जास्त प्रवासी बसणारी गाडी, असं लिहिलेलं असेल आणि आतलं काम नंतर कुठल्या तरी गॅरेजमध्ये करून घेतलेलं असेल, तर आधी आरटीओ, मग विमा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ याबाबत कडक आहे. कारखान्याने दिलेली आणि आरसीवर लिहिलेली रचना मालकाला मनाने बदलता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. मोटर कॅरॅव्हानसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. बसायला जागा, टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामानाचे कप्पे असलेली गाडी म्हणजे मोटर कॅरॅव्हान, असं ते धरतं. तुझी व्हॅन बनवणाऱ्याकडे या मानकाप्रमाणे घेतलेली मंजुरी आहे का ते विचार, आणि असेल तर प्रत मागून घे. विमा कंपनीच्या माणसासमोर हा कागद ठेवला की त्याचे निम्मे प्रश्न मिटतात. मी हे स्वतः पाहिलंय.

आता विमा कंपन्यांच्या वेबसाइटवर तुझी गाडी का सापडत नाही ते. तिथे कंपनी, मॉडेल, व्हेरियंट अशी ठरलेली यादी असते आणि कॅम्पर व्हॅन त्यात बहुतेक वेळा नसते. म्हणून लोक जवळचं काहीतरी निवडून मोकळे होतात. तू सरळ शाखेत जा. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड या चार सरकारी कंपन्यांपैकी जवळ जिची शाखा असेल तिथे आणि एखाद्या खासगी कंपनीच्या कार्यालयातही. शाखेतला माणूस सुरुवातीला "असं काही आमच्याकडे नसतं" म्हणेल. उठून येऊ नकोस. प्रकरण वरच्या कार्यालयात अंडररायटिंगला, म्हणजे विमा द्यायचा की नाही ते ठरवणाऱ्या विभागाला, पाठवा, असं शांतपणे सांग आणि सोबत आरसी, बिलं, आतून-बाहेरून काढलेले फोटो दे. गाडीची तपासणी करून घ्या, असं आपणच म्हण. तपासणीचा अहवाल त्यांच्याच फाइलमध्ये असला की उद्या 'आम्हाला माहीत नव्हतं' असं त्यांना म्हणता येत नाही.

कंपनीगणिक पद्धत वेगळी असते. कुणी अशी गाडी खासगी कारच्या पॅकेज पॉलिसीत (आपलं आणि दुसऱ्याचं, दोन्ही नुकसान धरणाऱ्या) घेतं, कुणी 'मिसलेनियस' म्हणजे किरकोळ आणि विशेष वाहनांच्या वर्गात टाकतं. माझी व्हॅन दुसऱ्या वर्गात गेली. यातला एक परिणाम तुला आधीच माहीत हवा. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, मालकाचा असतो, पण तो त्याच वर्गातल्या दुसऱ्या गाडीवरच नेता येतो. तुझ्या जुन्या कारवर साठलेला बोनस मिसलेनियस वर्गातल्या व्हॅनला मिळणार नाही. क्लेमविना सलग वर्षं गेली की हा बोनस ५० टक्क्यांपर्यंत चढतो, त्यामुळे रक्कम किरकोळ नसते. खासगी कारच्या वर्गात घ्यायला तयार असलेली कंपनी मिळाली तर थोडी पायपीट झाली तरी चालेल.

सगळ्यात जास्त लक्ष घाल ते आयडीव्हीत, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण नष्ट झाली तर जी रक्कम मिळायची तिच्यात. ती गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या जाहीर विक्री किमतीतून घसारा वजा करून काढतात. दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के घसारा लागतो. समज, मूळ गाडी १८ लाखांची आणि आतल्या कामाला ९ लाख लागले. नुसती मूळ गाडी धरली तर आयडीव्ही १२ लाख ६० हजार. सगळं धरून तोच घसारा लावला तर १८ लाख ९० हजार. फरक ६ लाख ३० हजारांचा! इन्व्हर्टर, लिथियम बॅटरी, फ्रीज, सोलर यांची किंमत विजेच्या उपकरणांत वेगळी दाखव, फर्निचर आणि ऑनिंग (बाहेर ओढायचं कापडी छप्पर) बिगरविजेच्या उपकरणांत. हप्ता वाढेल, वाढू दे. बिलं मात्र जीएसटीसह पक्की हवीत. सुताराने वहीच्या पानावर लिहून दिलेला हिशेब तिथे चालत नाही.

छोट्या नुकसानीतही घसारा लागतो. प्लास्टिक, रबर आणि बॅटरी यांवर ५० टक्के, फायबर ग्लासवर ३० टक्के, काचेवर काहीच नाही, आणि लाकडी भाग गाडीच्या वयाप्रमाणे. व्हॅनमध्ये प्लास्टिक, फायबर आणि लाकूडच जास्त. तेव्हा झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारं जादा संरक्षण, मिळतंय का ते आवर्जून विचार. मिसलेनियस वर्गात ते मिळणं कठीण जातं.

आग, स्फोट, चोरी, पूर, दरड कोसळणं हे सगळं पॅकेज पॉलिसीत येतं. पण आत गॅसवर स्वयंपाक होणार हे प्रस्तावात लिही. सिलिंडर कुठे ठेवलाय, हवा खेळायला काय सोय आहे, आग विझवायचं नळकांडं आहे की नाही, हेही लिही. शिवाय इन्व्हर्टर नुसता बंद पडला तर त्याची भरपाई नसते. लॅपटॉप, कॅमेरा, कपडे हे गाडीचे भाग नाहीत, त्यांच्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीची पॉलिसी, तर कायद्यानेच लागते. तिचे दर सरकार ठरवतं. खासगी कारला १५०० सीसीच्या वर जून २०२२ पासून ७,८९७ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. माणसाच्या मृत्यूची किंवा इजेची भरपाई त्यात अमर्याद आहे, दुसऱ्याच्या मालमत्तेची साडेसात लाखांपर्यंत. पण नुसत्या थर्ड पार्टीवर गाडी रस्त्यावर आणू नकोस. तुझी एवढ्या वर्षांची शिल्लक त्या गाडीत आहे, आणि ती उघड्यावर सोडलेली मला बघवणार नाही.

आणखी एक. तुझा मेहुणा म्हणाला होता ना, रिकामी असते तेव्हा सुट्टीत भाड्याने देऊ? खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर सरळ वगळलेला असतो. एकदा जरी पैसे घेऊन दिली आणि त्याच वेळी अपघात झाला, तर तुझ्या नुकसानीचा क्लेम जाईलच. जखमी माणसाला कंपनीने भरपाई दिली तरी ती तुझ्याकडून वसूल करू शकते. भाड्यानेच द्यायची तर नोंदणीच बदलायची, अर्धवट काही नको. मेहुण्याला वाईट वाटलं तर मी बोलतो त्याच्याशी.

भूतान-नेपाळचं तुझं जुनं वेड मला माहीत आहे. साधी पॉलिसी भारतापुरतीच असते. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका वगैरे शेजारच्या देशांसाठी जादा हप्ता भरून ती वाढवून मिळते, पण निघायच्या आधी.

पॉलिसी हातात आली की इंजिन नंबर, चासी नंबर, आसनसंख्या आणि वाहनाचा वर्ग आरसीशी ताडून बघ. एका अक्षराचीही चूक दिसली तर लगेच एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत दुरुस्तीची नोंद, करून घे. शाखेत जे तोंडी ठरेल ते त्याच संध्याकाळी ईमेलने त्यांना लिहून पाठव. उगाच टोलवत राहिले तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार कर. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं, आणि तिथे फी लागत नाही.

आरसीच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि आतल्या कामाची बिलं मला पाठव. प्रस्तावासोबत द्यायचं पत्र मी मराठीत आणि इंग्रजीत तयार करून देतो, तू फक्त सही कर. जुनी पॉलिसी संपायची तारीखही कळव. ती जवळ आली असेल तर शनिवारी मी तुझ्याकडेच येतो आणि सोमवारी आपण दोघं शाखेत जाऊ.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश