पेवातली म्हैस

सांगली, रविवार

चि. माऊ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, तुम्हाला चित्रांत हे असलं सुचतं कुठून?" तेव्हा मी 'सुचतं आपलं' म्हणून वेळ मारून नेली. आई शेजारीच भाजी निवडत बसली होती आणि तिच्यासमोर कलेवर बोलायची मला लाज वाटते. आज दुकान बंद आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुझ्या मैत्रिणींना वाटतं मी स्वप्नं रंगवतो. अगं, मला स्वप्नं पडतच नाहीत. दिवसभर अडतीत हिशेबाच्या पट्ट्या लिहून मान मोडली की मी ओंडक्यासारखा झोपतो. तो स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दाली हातात जड किल्ली धरून खुर्चीत डुलकी काढायचा, खाली ताट उपडं ठेवायचा. झोप लागली की किल्ली सुटायची, ताटावर खणकन वाजायची आणि तो दचकून उठायचा. त्या अर्धवट झोपेतलं त्याला हवं असायचं. मीही करून बघितलं, गोदामाची किल्ली आणि आईची पितळी परात घेऊन. मला दिसली ती मार्चअखेरची न जुळलेली बाकी. परातीला पोचा आला म्हणून आईने दोन दिवस अबोला धरला तो वेगळाच.

मला सुचतं ते बहुतेक बोलण्यातून. तेही तुझ्या आजीच्या. तिचं बोलणं शब्दाला शब्द धरून ऐकलं तर माणूस घाबरून जाईल. 'पोटात कावळे ओरडतायत', 'डोळ्यांत तेल घालून बस', 'आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं कुठं लावायचं?' हे शेवटचं ती गोधडी शिवताना म्हणायची. मी सहा-सात वर्षांचा, तिच्या सुईकडे बघत खरोखर विचार करायचो, की आभाळाला कुठलं कापड चालेल, धोतराचं की लुगड्याचं? पुढे शाळेत वाक्प्रचारांचे अर्थ पाठ करून घेतले आणि ते कावळे उडून गेले. पन्नाशीनंतर मी त्यांना परत बोलावतोय.

आता बाहेरच्या खोलीतलं ते पेवाचं चित्र घे. 'पेव फुटलं' आपण कशालाही म्हणतो, अफवांचं काय, क्लासेसचं काय. पण मी आपल्या सांगलीजवळच्या हरिपूरची खरी पेवं पाहिली आहेत. जमिनीत खोल खड्डा, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि आत पोट सुटलेलं. त्यात हळद वर्षानुवर्षं राहायची. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आधी वारा खेळू द्यायचा, नाहीतर आत माणूस गुदमरतो. हमाल काठावर तंबाखू मळत वाट बघत बसायचे. पुरांनी त्यातली बरीच पेवं बाद केली.

तर असलं पेव खरंच फुटलं, तर बाहेर काय येईल? हळद येणारच, पण नुसत्या हळदीचं चित्र काय काढायचं! मग आठवला २०१९ चा ऑगस्ट. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी ५७ फुटांवर. तू आत्याकडे मिरजेला होतीस, आम्ही गावभागात गच्चीवर दोन रात्री काढल्या. समोरच्यांनी म्हैस जिन्यावरून ढकलत स्लॅबवर चढवली होती. पाणी ओसरलं, गाळ उपसून झाला, तरी ती बया खाली उतरेना. चार माणसं पुढून ओढतायत, दोन मागून रेटतायत, आणि ती आभाळाकडे बघत रवंथ करतेय. तीच मी पेवातून वर काढली, पाठीवर अख्खा जिना घेऊन.

आता रंगाचं सांगतो, कारण खरी गंमत तिथे झाली. तयार प्रायमर महाग, म्हणून प्लायवूडला डिंक घातलेल्या चुन्याचा हात दिला होता. तो ओलसर असतानाच हौस म्हणून आभाळाला खरी हळद लावली, दुकानात पोत्याच्या तळाशी भुकटी साचते ती. आभाळ पिवळं व्हायचं होतं. ब्रश फिरला तिथे डोळ्यांदेखत लाल! हळदीत चुना घातला की कुंकू होतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण हातात ब्रश आला की अक्कल गहाण पडते. अर्धा तास मी नुसता बघत बसलो. मग पुसायचं सोडून म्हशीचं ठरलेलं तोंडच फिरवलं, त्या लालाकडे बघेल असं.

पुढे चार-पाच महिन्यांत खिडकीकडची बाजू विटली. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, हे हळदीच्या पेठेत आयुष्य काढलेल्या माणसाला कोणी सांगायला नको होतं. शेवटी ट्यूबमधल्या रंगांनी ते लाल नजरेने जुळवत परत उभं केलं, पातळ थरावर पातळ थर देत. सगळा पावसाळा त्यात गेला.

आणि सावली. म्हैस पेवातून येते हे आपले भाडेकरूही मुकाट्याने मान्य करतात, पण जिन्याची सावली भलतीकडे पडली होती तर त्यांनीच बोट दाखवलं. मग स्टुलावर काडेपेट्यांचा जिना रचला, बाजूने टॉर्च लावला आणि तीन संध्याकाळी ती सावली गिरवली. असल्या चित्रात हेच काम जास्त असतं, बाकी सगळी मजा.

एका प्रदर्शनाच्या अर्जात 'शिक्षण कुठे झाले' असा रकाना होता. मी 'घरी' लिहिलं. अर्ज परत आला. त्याच आठवड्यात वाचलं, की इव्ह तांगीला बसमधून जाताना दुकानाच्या खिडकीत दे किरिको या चित्रकाराचं एक चित्र दिसलं, तो उतरला आणि कुठेही न शिकता चित्रकार झाला. वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तू म्हणतेस, कोऱ्या कागदासमोर तास तास जातो. कोरा ठेवूच नकोस. मॅक्स अर्न्स्ट या चित्रकाराने १९२५ मध्ये लाकडी फळ्यांवर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि उमटलेल्या रेषांतून त्याला जंगलं दिसली. मी त्याचं नावही ऐकलं नव्हतं तेव्हापासून गोणपाटावर हेच करतोय. या पत्रासोबत पोत्याचा एक तुकडा पाठवतोय. हळदीचा वास येईल, तो जात नाही.

शनिवारी आलीस की चित्राची फ्रेम डाव्या खालच्या कोपऱ्यात जरा उचलून बघ. रुपयाएवढी मूळची हळद तिथे तशीच ठेवली आहे, फ्रेमच्या आड ऊन लागत नाही. आणि येताना दोन नंबरचा गोल ब्रश आण, इथला केस गाळतो.

तुझा,
बाबा