पहिलीच्या वर्गातले इंग्रजी

बडोदे

प्रिय सुमन,
सप्रेम नमस्कार.

येत्या जूनपासून पहिलीचे इंग्रजी तुझ्याकडे येणार आणि पालकांनी आतापासूनच ‘वर्गात फक्त इंग्रजीच बोला’ असा धोशा लावला आहे, हे वाचून नवल वाटले नाही. आमच्या दांडिया बाजारातही हेच चालते. तो आग्रह तू मुळीच मान्य करू नयेस, असे मला वाटते.

माझ्या वर्गातली बरीच मुले घरी मराठी, शेजारी गुजराती आणि टीव्ही पाहून शिकलेली हिंदी बोलतात (तुझ्या इंदुरात गुजरातीच्या जागी माळवी असेल), आणि कोणाशी काय बोलावे हे त्यांना शिकवावे लागत नाही. या सर्व भाषांत आधी टेबल आणि मग ‘वर’ येते, इंग्रजीत मात्र ‘ऑन’ आधी. हे नियम म्हणून सांगून उपयोग नसतो. मी एक पुठ्ठ्याचे खोके घेते, खडू कधी आत, कधी खाली ठेवते, ‘इन द बॉक्स’, ‘अंडर द बॉक्स’ म्हणत राहते, आणि मुले नुसती हाताने करून दाखवतात. परवा एका मुलीने खडू खोक्याखाली सरकवला आणि आपणहून म्हणाली, ‘बॉक्स अंडर!’ अर्थ पुरता कळलेला, क्रम तेवढा घरचा. ‘येस, अंडर द बॉक्स’ म्हणून मी पुढे गेले. तिथेच अडवले असते, तर ती पुन्हा तोंड उघडती ना.

लेखनाची घाई करू नकोस. देवनागरी किंवा गुजराती लिपीत वाचन पक्के होण्याआधीच, कधी ‘क’ तर कधी ‘स’ होणारा ‘सी’ समोर आला, की मूल गोंधळते. पहिल्या भाषेत कमावलेले वाचनाचे कौशल्य दुसरीत उपयोगी पडते, हा भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ साली मांडलेला विचार मला वर्गात रोज पटतो. पालकांना भरलेल्या वह्या हव्या असतात, त्याला इलाज नाही! २०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत शिकवण्याचे माध्यम घरची भाषा असावी असे सांगते. पण इथे धोरणापेक्षा, १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणाऱ्या सयाजीराव महाराजांनी देशी भाषांतल्या शाळा वाढवल्या, हा दाखला अधिक चालतो.

चित्रपट्ट्या हव्या असल्यास लवकर कळव. दिवाळीत माझे दीर इंदूरला येणार आहेत, त्यांच्याबरोबर पाठवीन.

तुझी,
वासंती